घडी उघडावी, दार मिटू नये
संकेतस्थळावरील ‘ॲकॉर्डियन’ची सुगम्य बांधणी

लोकशाही राज्यव्यवस्थेत शासनाचे निर्णय, योजना आणि सेवा यांची माहिती नागरिकांपर्यंत पोहोचविणे हे आता केवळ सुजाण प्रशासनाचे लक्षण राहिलेले नाही. ते कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४(१)(ख) अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अनुसार अधिसूचित सेवा, त्यांची कालमर्यादा, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील प्राधिकारी यांची सूची कार्यालयाच्या सूचनाफलकावर व संकेतस्थळ असल्यास त्यावरही लावावी लागते.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरील किंवा तहसील कचेरीच्या व्हरांड्यातील सूचनाफलकाला स्वतःच्या मर्यादा होत्या. फलकाची लांबीरुंदी ठरलेली असे, काचेच्या कपाटाला कुलूप असे आणि तो वाचण्यासाठी कचेरीपर्यंत चालत जावे लागे. संकेतस्थळाने हे अंतर मिटविले. तथापि एक नवीच अडचण उभी राहिली. संकेतस्थळाला जागेची मर्यादा नसल्यामुळे मजकूर वाढत जातो आणि हातातील भ्रमणध्वनीचा पडदा मात्र तळहाताएवढाच राहतो. सतरा बाबींची माहिती किंवा वीसपंचवीस सेवांचा तपशील सलग मांडला, तर वाचकाला आपल्या कामाची ओळ शोधण्यासाठी बोटाने कितीतरी वेळ पान सरकवीत राहावे लागते.

या अडचणीवर योजलेला एक सर्वपरिचित उपाय म्हणजे ‘ॲकॉर्डियन’. तो योग्य रीतीने बांधला तर माहिती सुटसुटीत होते आणि निष्काळजीपणे बांधला तर असलेली माहितीही अनेकांना दिसेनाशी होते. पान तयार करणारा तंत्रज्ञ असतो, परंतु ते मागविणारे व स्वीकारणारे अधिकारी, ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षक असतात. म्हणून ही रचना चालते कशी, ती कोठे फसते आणि ती कशी पारखावी, याची ओळख त्यांनाही असणे अगत्याचे आहे.

घडीची कल्पना

ॲकॉर्डियन हे मुळात एका वाद्याचे नाव. व्हिएन्ना येथील सिरिल डेमियन यांनी १८२९ साली त्याचे पेटंट घेतले. कोकणच्या वाचकाला त्याची कल्पना येण्यास भजनातील पेटीचा भाता आठवावा. भाता मिटला की त्याच्या घड्या एकमेकींना चिकटतात, उघडला की पसरतात. संकेतस्थळावरील रचनाही तशीच. प्रथम केवळ शीर्षके एकाखाली एक दिसतात. एखाद्या शीर्षकावर बोट ठेवले की त्याखालचा मजकूर उलगडतो आणि पुन्हा ठेवले की मिटतो.

ग्रामपंचायतीच्या सेवांचेच उदाहरण घेऊ. जन्म नोंदीचा दाखला, विवाह नोंदीचा दाखला, येणे बाकी नसल्याचा दाखला, नमुना ८ चा उतारा अशी शीर्षके पडद्यावर एकाच नजरेत मावतात. ज्याला नमुना ८ चा उतारा हवा आहे तो तेवढीच घडी उघडतो आणि कागदपत्रे, शुल्क, कालमर्यादा, अधिकारी व अपील यांचा तपशील वाचतो. इतर मजकुराचा त्याला अडथळा होत नाही.

येथवर सर्व ठीक आहे. परंतु घडी मिटविणे याचा अर्थ मजकूर लपविणे असाही होतो. लपविलेला मजकूर पुन्हा उघडण्याची किल्ली प्रत्येक वाचकाच्या हाती आहे की नाही, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

किनाऱ्यावरचा वाचक

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ८,४९,६५१ आहे. देवगड, मालवण आणि वेंगुर्ले हे तालुके समुद्राला लागून आहेत, तर जिल्ह्याचे मुख्यालय सिंधुदुर्गनगरी हे आतल्या बाजूला, ओरोस येथे आहे. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागच्या रहिवाशाला एका चौकशीसाठी मुख्यालय गाठणे म्हणजे दिवस मोडणे होय. अशा ठिकाणी संकेतस्थळाचे मोल शहरापेक्षा अधिक आहे.

या किनाऱ्यावर संकेतस्थळ वाचणारा नागरिक कोण, याचाही विचार करावयास हवा. डिझेल परताव्याची चौकशी करणारा मच्छीमार भर उन्हात जेटीवर उभा राहून पडद्याकडे पाहतो. निवास-न्याहारी योजनेची माहिती शोधणाऱ्या गृहिणीचे हात कामात गुंतलेले असतात. गावी राहणाऱ्या वृद्ध मातापित्यांसाठी मुंबईतील चाकरमानी रात्री घरपट्टीचा तपशील पाहतो. वृद्धांना अक्षर मोठे केल्याशिवाय दिसत नाही. दृष्टिहीन विद्यार्थी शिष्यवृत्तीचे नियम कानाने ऐकून समजावून घेतो, तर हाताच्या बोटांना कंप असलेला निवृत्त कर्मचारी लहानशा खुणेवर नेमके बोट ठेवू शकत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. वाढत्या वयामुळे दृष्टी किंवा हालचाल मंदावलेले असंख्य नागरिक या गणनेबाहेरच राहतात.

याखेरीज निसर्गाचीही एक बाजू आहे. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे सरकले. घरे, नौका व बागायती यांचे नुकसान झाले आणि वीजपुरवठा विस्कळीत झाला. अशा दिवसांत नागरिकाला पंचनामा, मदत आणि कागदपत्रे यांची माहिती तातडीने हवी असते, परंतु भ्रमणध्वनीची बॅटरी संपत आलेली असते व संपर्काचे जाळे क्षीण झालेले असते. अशा वेळी पानाचा मजकूर आला, पण घडी उघडणारी आज्ञावली वाटेत अडकली, तर शीर्षके दिसतात आणि माहिती मात्र बंदिस्त राहते.

चूक कोठे होते

संकेतस्थळाचे पान ‘एचटीएमएल’ या खुणांच्या भाषेत लिहिलेले असते. मजकुराचा कोणता भाग शीर्षक आहे, कोणता परिच्छेद आहे आणि कोणते बटन आहे, हे या खुणा ब्राउझरला सांगतात. ‘सीएसएस’ त्या भागांचे रंगरूप ठरविते आणि ‘जावास्क्रिप्ट’ त्यांना हालचाल देते. डोळ्यांनी पाहणाऱ्याला प्रामुख्याने रंगरूप दिसते. पण ‘स्क्रीन रीडर’, म्हणजे पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखविणारी आज्ञावली, ही या मूळ खुणांवरच विसंबून असते.

पहिली आणि सर्वांत सामान्य चूक अशी की, शीर्षकासाठी ‘डिव्ह’ ही सर्वसाधारण चौकटीची खूण वापरली जाते आणि तिच्यावर क्लिक केल्यास मजकूर उघडावा अशी आज्ञा जोडली जाते. दिसण्यात हे बटनासारखे असते, पण ब्राउझरच्या लेखी ते बटन नसते. कळफलकावरील ‘टॅब’ कळीने पुढे जाणारा वाचक त्यावर थांबतच नाही. स्क्रीन रीडर ते साधा मजकूर म्हणून वाचून पुढे जातो. येथे काही उघडण्याजोगे आहे, याचा दृष्टिहीन वाचकाला पत्ताही लागत नाही.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट असते. मजकूर केवळ उंची शून्य करून दडविला जातो. तो डोळ्यांना दिसत नाही; परंतु त्यातील दुवे जागच्या जागी असल्यामुळे ‘टॅब’ कळ दाबताना वाचक अदृश्य दुव्यांवर जाऊन पोहोचतो आणि आपण पानावर कोठे आहोत हे त्याला कळेनासे होते.

तिसरी चूक स्थितीविषयीची. घडी उघडी आहे की मिटलेली, हे केवळ बाणाच्या दिशेवरून किंवा रंगावरून दाखविले जाते. ज्याला बाण दिसत नाही त्याला ही स्थिती शब्दांत सांगण्याची सोय केलेली नसते. काही ठिकाणी ती सोय असते, पण सुरुवातीला लिहिलेली ‘मिटलेली’ ही नोंद घडी उघडल्यानंतरही तशीच राहते. चुकीची सूचना ही सूचना नसण्यापेक्षाही अधिक फसवी ठरते.

योग्य बांधणीच्या दोन रीती

पहिली रीत सर्वांत सोपी आहे. एचटीएमएल भाषेत ‘डिटेल्स’ आणि ‘समरी’ या खुणांची जोडी आहे. ‘डिटेल्स’ म्हणजे संपूर्ण घडी आणि ‘समरी’ म्हणजे तिचे शीर्षक. ही जोडी वापरली की घडी उघडण्यामिटण्याचे काम ब्राउझर स्वतःच करतो. त्यासाठी वेगळी जावास्क्रिप्ट लागत नाही. ‘टॅब’ने शीर्षकावर पोहोचता येते, ‘एंटर’ किंवा ‘स्पेस’ कळीने घडी उघडता येते आणि तिची स्थिती स्क्रीन रीडरला आपोआप कळते. आज प्रचलित असलेल्या सर्व प्रमुख ब्राउझरांत ही सोय आहे. संपर्काचे जाळे क्षीण असताना ही रीत विशेष उपयोगी पडते, कारण मजकूर आला की त्याबरोबर तो उघडण्याची सोयही आलेली असते. ग्रामपंचायत, शाळा किंवा सहकारी संस्था यांच्या लहान संकेतस्थळांसाठी बहुधा ही रीत पुरेशी ठरावी.

दुसरी रीत मोठ्या पानांसाठी आहे. स्क्रीन रीडर वापरणारा वाचक पुष्कळदा एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर उडी घेत पान चाळतो, जसे आपण पुस्तकाची अनुक्रमणिका चाळतो. ‘समरी’च्या आत ठेवलेले शीर्षक काही आज्ञावल्यांना शीर्षक म्हणून ओळखता येत नाही. अशा पानावर योग्य पातळीचे शीर्षक द्यावे, त्या शीर्षकाच्या आत खरेखुरे ‘बटन’ ठेवावे आणि त्याखाली मजकुराचा भाग ठेवावा. बटनाला ‘एरिया-एक्स्पांडेड’ हा गुणधर्म जोडावा. घडी मिटलेली असताना त्याचे मूल्य ‘फॉल्स’ आणि उघडल्यावर ‘ट्रू’ झाले पाहिजे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये मान्य केलेल्या ‘एरिया’ मानकाचा हा भाग आहे. स्क्रीन रीडर मग शीर्षकाचे नाव, ते बटन असल्याची खूण आणि घडी उघडी की मिटलेली ही स्थिती, असे तिन्ही सांगतो. मिटलेल्या घडीतील मजकूर ‘हिडन’ गुणधर्माने खऱ्या अर्थाने बाजूला ठेवावा, म्हणजे त्यातील दुव्यांवर कोणी चुकून जाऊन अडकणार नाही.

या दुसऱ्या रीतीत एक पथ्य अवश्य पाळावे. पान प्रथम येते तेव्हा सर्व मजकूर उघडा असावा आणि जावास्क्रिप्ट सुरळीत पोहोचल्यानंतरच तिने घड्या मिटवाव्यात. आज्ञावली वाटेत अडकली तरी पान लांबलचक दिसेल एवढेच. माहिती कोणाचीही अडणार नाही. आधी मजकूर, मग सजावट, हा क्रम येथे मोडता कामा नये.

लहान पडदा, मोठे अक्षर

पडद्याच्या आकारानुसार आपली मांडणी बदलणाऱ्या पानाला ‘रिस्पॉन्सिव्ह’ म्हणतात. ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकाराने २०१० मध्ये ही संज्ञा रूढ केली. एकच पान संगणकावर, टॅबलेटवर आणि भ्रमणध्वनीवर नीट वाचता यावे, निराळी पाने करावी लागू नयेत, असा तिचा आशय आहे.

घड्यांच्या बाबतीत त्यासाठी काही साध्या गोष्टी कराव्या लागतात. पानाच्या आरंभी ‘व्ह्यूपोर्ट’ची खूण असावी; ती नसल्यास भ्रमणध्वनी संगणकाचे अख्खे पान आक्रसून दाखवितो आणि अक्षरे मुंगीएवढी होतात. घडीची रुंदी ठरावीक आकड्यात न देता उपलब्ध जागेच्या प्रमाणात द्यावी. अक्षरांचा आकारही ‘रेम’सारख्या सापेक्ष मापात द्यावा, म्हणजे वाचकाने आपल्या ब्राउझरमध्ये अक्षर मोठे केले की पानही त्याचे ऐकते. आंतरराष्ट्रीय सुगम्यता मार्गदर्शिकेनुसार मजकूर दुप्पट मोठा केला तरी काही तुटू नये आणि ३२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर वाचताना पान आडवे सरकवावे लागू नये.

घडीचे संपूर्ण शीर्षक, म्हणजे डावीकडील शब्दापासून उजवीकडील बाणापर्यंतची सर्व पट्टी, बोटाला प्रतिसाद देणारी असावी. केवळ बाणावर नेम धरावयास लावणे हे कंप असलेल्या हाताची परीक्षा पाहण्यासारखे आहे. मार्गदर्शिकेच्या २०२३ मधील आवृत्तीत अशा जागेचे किमान माप सर्वसाधारणपणे २४ गुणिले २४ पिक्सेल सांगितले आहे. ४४ पिक्सेल उंची ठेवणे अधिक सोयीचे. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर सामान्य मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावे लागते. पांढऱ्यावर फिकट केशरी किंवा राखाडी अक्षरे कचेरीच्या सावलीत शोभून दिसतात, पण जेटीवरील उन्हात ती पुसली जातात.

सेवांची माहिती बहुधा पाचसहा रकान्यांच्या तक्त्यात असते. असा तक्ता घडीत जसाच्या तसा ठेवला की लहान पडद्यावर त्याचे उजवीकडचे रकाने बाहेर जातात, आणि अपील प्राधिकाऱ्याचे नाव नेमके त्याच रकान्यांत असते. त्यापेक्षा प्रत्येक सेवेची एक घडी करून तिच्यात ‘कागदपत्रे’, ‘शुल्क’, ‘कालमर्यादा’, ‘पदनिर्देशित अधिकारी’, ‘अपील’ असे एकाखाली एक लिहावे. तक्ता ठेवणे अपरिहार्य असल्यास तेवढाच भाग आडवा सरकेल अशी व्यवस्था करावी.

मराठी मजकुराच्या गरजा

तयार मिळणाऱ्या बहुतेक घड्या इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात. त्या मराठीसाठी वापरताना तीन बाबींकडे लक्ष द्यावे लागते.

पहिली बाब भाषेची नोंद. पानाच्या मूळ खुणेत भाषा मराठी असल्याचे सांगणारा ‘एम-आर’ हा संकेत दिलेला असावा. तो नसल्यास किंवा तेथे इंग्रजीचा संकेत राहून गेल्यास स्क्रीन रीडर मराठी मजकूर भलत्याच आवाजात वाचण्याचा प्रयत्न करतो, तर कधी तो वगळतोही. एवढ्या एका लहानशा नोंदीवाचून उत्तम बांधलेले पान ऐकणाऱ्यासाठी मुके होऊ शकते.

दुसरी बाब अक्षरांची. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार ओळीच्या वर जातात, तर उकार आणि काही जोडाक्षरे खाली उतरतात. शीर्षकाच्या पट्टीची उंची कायमची ठरवून टाकली तर मात्रा कापल्या जातात आणि लांब शीर्षक दुसऱ्या ओळीवर गेले तर अर्धे अदृश्य होते. म्हणून उंची मजकुरानुसार वाढू द्यावी आणि दोन ओळींतील अंतर अक्षराच्या दीडपटीच्या आसपास ठेवावे. मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फॉन्टमधील अथवा छायाचित्राच्या रूपातील मराठी मजकूर आवाजात वाचला जात नाही आणि शोधताही येत नाही.

तिसरी बाब शब्दांची. मिटलेल्या घडीत नागरिकाच्या हाती केवळ शीर्षकच असते. ‘अधिक माहिती’, ‘इतर’, ‘परिशिष्ट ब’ अशा शीर्षकांवरून आत काय आहे याचा बोध होत नाही. ‘घरपट्टी कोठे व कशी भरावी’, ‘वादळात नौकेचे नुकसान झाल्यास काय करावे’ अशी शीर्षके लोकांच्या मनातील प्रश्नाला थेट भिडतात. शासकीय संज्ञा आवश्यक असेल तर ती मजकुरात यावी; दारावरची पाटी लोकांच्या भाषेत असावी. माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ४(४) मध्येही माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषा आणि त्या क्षेत्रातील सर्वांत परिणामकारक संपर्कपद्धती विचारात घ्यावी, असे म्हटले आहे.

घडीत काय ठेवू नये

प्रत्येक मजकूर घडीत घातलाच पाहिजे असे नाही. वादळाचा इशारा, अर्जाची अंतिम तारीख, आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक आणि कार्यालयाची वेळ ही माहिती नेहमी उघडी, पानाच्या वरच्या भागात असावी. तीनचार परिच्छेदांच्या लहान पानालाही घड्यांची गरज नसते. घडीच्या आत पुन्हा घडी ठेवणे शक्यतो टाळावे. दोन वळणांनंतर वाचक वाट चुकतो.

एक घडी उघडली की दुसरी आपोआप मिटावी, अशी व्यवस्था काही ठिकाणी केलेली असते. दोन दाखल्यांच्या कागदपत्रांची तुलना करणाऱ्याला ती गैरसोयीची ठरते; शिवाय वरची घडी अचानक मिटल्यामुळे वाचत असलेली ओळ नजरेआड सरकते. वाचकाने उघडलेले वाचकानेच मिटवावे, हे उत्तम. पानाच्या आरंभी ‘सर्व उघडा’ असे एक बटन दिल्यास छपाई करणाऱ्यांची आणि संपूर्ण पान सलग वाचू इच्छिणाऱ्यांची सोय होते. घडी हळूहळू सरकत उघडण्याची शोभा ठेवावयाची असेल, तर ज्यांनी आपल्या यंत्रावर हालचाल कमी ठेवण्याची निवड केली आहे त्यांच्यासाठी ती थांबली पाहिजे. अशा हालचालीने काही जणांना घेरी येते.

कायद्याची बाजू

सुगम्यता ही सवड मिळाल्यास करावयाची गोष्ट नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. माहिती व संपर्क तंत्रज्ञान दिव्यांग व्यक्तींना सुगम्य व्हावे यासाठी त्यात कलम ४२ ची तरतूद आहे. शासकीय संकेतस्थळांसाठीच्या केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती २००९ मध्ये आणि तिसरी २०२३ मध्ये निघाली. या तिसऱ्या आवृत्तीने आंतरराष्ट्रीय सुगम्यता मार्गदर्शिकेची २.१ ही आवृत्ती व तिचा ‘एए’ हा दर्जा आधारभूत मानला आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय संकेतस्थळांसाठी तयार केलेल्या ‘एस-थ्री-वास’ या सामायिक चौकटीच्या नावातच ‘सुगम्य’ हा शब्द आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवरील निकालात, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत असे स्पष्ट केले. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणातील निकालात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ज्याला घडी उघडता येत नाही त्या नागरिकाची अडचण ही त्यामुळे केवळ तांत्रिक तक्रार राहत नाही.

पारखण्याची रीत

संकेतस्थळाचे काम स्वीकारण्यापूर्वी पुढील परीक्षा कोणत्याही कार्यालयात अर्ध्या तासात घेता येतील. त्यासाठी संगणकाची भाषा यावी लागत नाही.

१. माऊस बाजूला ठेवावा. ‘टॅब’ कळीने प्रत्येक शीर्षकावर पोहोचता आले पाहिजे, आपण कोठे आहोत ते ठळक चौकटीने दिसले पाहिजे आणि ‘एंटर’ व ‘स्पेस’ या दोन्ही कळींनी घडी उघडली व मिटली पाहिजे.

२. साध्या भ्रमणध्वनीवर, उभ्या पडद्यावर पान पाहावे. अक्षरे दुप्पट मोठी करावीत. शीर्षक कापले जाऊ नये आणि पान आडवे सरकवावे लागू नये. त्यानंतर हीच परीक्षा उन्हात उभे राहून घ्यावी.

३. अँड्रॉइड भ्रमणध्वनीतील ‘टॉकबॅक’ सुरू करून, डोळे मिटून एक सेवा शोधावी. संगणकावर यासाठी ‘एनव्हीडीए’ हा विनामूल्य स्क्रीन रीडर वापरता येतो. शीर्षकाचे नाव, बटन असल्याची खूण आणि घडीची स्थिती ऐकू आली पाहिजे. घडी उघडल्यावर स्थिती बदललेली ऐकू आली पाहिजे आणि मराठी मजकूर मराठी उच्चारातच आला पाहिजे.

४. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट बंद करून पान पुन्हा उघडावे. सर्व माहिती वाचता आली पाहिजे.

५. पानाची छपाई करून पाहावी. सेवा केंद्रातून कागद घेऊन जाणाऱ्या नागरिकाच्या हाती केवळ शीर्षकांची यादी पडता कामा नये.

६. मिटलेल्या घडीतील एखादा शब्द ब्राउझरच्या ‘शोधा’ सोयीने शोधून पाहावा. तो सापडत नसेल तर ‘सर्व उघडा’ हे बटन अधिकच आवश्यक ठरते.

७. एका विशिष्ट घडीचा दुवा भ्रमणध्वनीवर पाठवून पाहावा. दुवा उघडताच तीच घडी उघडलेली दिसली, तर ग्रामसेवकाला चौकशी करणाऱ्यास नेमकी माहिती एका संदेशात पाठविता येते.

या परीक्षा पुरवठा आदेशातच अटी म्हणून लिहिल्या तर पुढील वाद टळतात. काम पूर्ण झाल्यावर दुरुस्ती करून घेण्यापेक्षा आरंभीच योग्य खुणा वापरणे स्वस्त पडते. ‘डिव्ह’च्या जागी ‘बटन’ लिहिण्यास कोणताही जादा खर्च येत नाही.

शिक्षकांनाही यात मोलाचा वाटा उचलता येईल. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना आपल्याच ग्रामपंचायतीचे पान कळफलकाने वापरून पाहण्यास आणि आढळलेल्या अडचणी लिहून देण्यास सांगावे. संगणकाच्या शिक्षणाबरोबर नागरिकशास्त्राचाही तो प्रत्यक्ष पाठ होईल. शक्य असेल तेथे गावातील दिव्यांग व वृद्ध नागरिकांना बोलावून पान त्यांच्याच हाती द्यावे. जो दोष तंत्रज्ञाला दिवसभरात आढळत नाही, तो त्यांना पहिल्या दोन मिनिटांत जाणवतो. ग्रामसभेत नवीन संकेतस्थळाची माहिती देताना ही चाचणी सर्वांसमक्ष घेतली, तर पान खरोखर कोणासाठी आहे हे सर्वांच्याच ध्यानी येईल.

माहिती प्रसिद्ध केली, एवढ्याने कार्यालयाचे कर्तव्य संपत नाही. ती वाचता, ऐकता आणि वापरता आली म्हणजे ते पूर्ण होते. देवबागच्या मच्छीमाराला, आचऱ्याच्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला आणि देवगडच्या वृद्ध बागायतदाराला आपल्या कामाची घडी कोणाच्याही मदतीवाचून उघडता यावी, हीच या लहानशा रचनेची खरी कसोटी आहे. नवे पान स्वीकारताना प्रत्येक कार्यालयाने आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने ती लावून पाहिली, तर शासनाचे दार नागरिकासाठी खऱ्या अर्थाने खुले राहील.